तळ, पाया आणि उंची : त्रिकोणी घनाकृतींच्या पृष्ठफळाच्या परिभाषेची एक चिकित्सा

(१)

परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा शब्दांच्या कुळापुरती होते. शब्द तत्सम आहे की देशी, सोपा आहे की बोजड, इंग्रजी शब्दाला तो नेमका पर्याय आहे की नाही, एवढे पाहून आपण थांबतो. तो शब्द ज्या वाक्यात राबतो त्या वाक्याची परीक्षा सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः पारिभाषिक शब्दाचे बरेवाईट ठरते ते कोशात नव्हे, तर वाक्यात. कोशात निर्दोष दिसणारा शब्द नियमाच्या वाक्यात बसविताच विद्यार्थ्याला भलतीकडे नेतो, असा अनुभव येतो. प्रस्तुत लेखात अशा एका लहानशा क्षेत्राची तपासणी करावयाची आहे. त्रिकोणावर उभारलेल्या घनाकृती, म्हणजे शालेय गणितातील ‘त्रिकोणी चिती’ आणि ‘त्रिकोणी सूची’, आणि त्यांचे पृष्ठफळ काढण्याचे नियम, एवढेच हे क्षेत्र आहे. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, गणिताचा नव्हे. म्हणून येथे गणित दुरुस्त करण्याचा हेतू नाही. गणित बिनचूक असूनही ते सांगणारी मराठी कोठे अडखळते, एवढेच पाहावयाचे आहे.

या विचाराला निमित्त झाले ते शेजारच्या एका विद्यार्थ्याचे. उदाहरण असे होते : एका घराचे दुपाखी छप्पर त्रिकोणी चितीच्या आकाराचे आहे. घराची रुंदी ८ मीटर, लांबी १० मीटर. आढे भिंतींच्या माथ्यापासून ३ मीटर उंच आहे आणि प्रत्येक पाख्याचा उतार ५ मीटर आहे. या चितीचे एकूण पृष्ठफळ काढावयाचे. मुलाला नियम तोंडपाठ होता : तळाच्या क्षेत्रफळाची दुप्पट, अधिक तळाची परिमिती गुणिले उंची. त्याने तळ घेतला ८ गुणिले १०, म्हणजे ८० चौरस मीटर. त्याची दुप्पट १६०. तळाची परिमिती ३६ मीटर, उंची ३ मीटर; गुणाकार १०८. बेरीज २६८. पुस्तकातील उत्तर २०४ होते. त्याने तीन वेळा बेरीज तपासली आणि मग विचारले, “काका, तळ म्हणजे खालची बाजूच ना?”

या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणे प्रस्तुत लेखकास जड गेले. कारण मराठीत तळ म्हणजे खालचीच बाजू. मुलाने नियमातील प्रत्येक शब्दाला त्याचा खरा मराठी अर्थ दिला होता आणि म्हणूनच त्याचे उत्तर चुकले होते. नियमाला अभिप्रेत असलेला ‘तळ’ हा जमिनीला समांतर असलेला आयत नव्हे. तो घराच्या पुढच्या व मागच्या बाजूला उभा असलेला त्रिकोण होय. त्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर, दोहोंचे मिळून २४. त्याची परिमिती ८, ५ आणि ५ मिळून १८ मीटर. आणि नियमातील ‘उंची’ म्हणजे घराची लांबी, १० मीटर. चोवीस अधिक एकशे ऐंशी बरोबर दोनशे चार. येथे तळ उभा आहे आणि उंची आडवी आहे. मुलाचे २६८ हेही निरर्थक नाही. ८, १० आणि ३ मीटर मापांच्या पेटीचे, म्हणजे इष्टिकाचितीचे, ते अचूक पृष्ठफळ आहे. भाषेने त्याच्या हाती दुसरीच वस्तू दिली आणि त्याने तिचे गणित चोख केले, असेच म्हणावे लागेल.

(२)

या घोटाळ्याचे मूळ कोठे आहे? इंग्रजीतील ‘बेस’ या शब्दाला मराठीत त्रिकोणापुरता ‘पाया’ आणि घनाकृतीपुरता ‘तळ’ असे दोन शब्द योजले गेले, आणि बोलताना शिक्षक ते आलटून पालटून वापरतात. दोन्ही शब्द जमिनीशी बांधलेले आहेत. पाया घराचा असतो, तो खोदून भरतात. तळ विहिरीचा, भांड्याचा, समुद्राचा असतो. एका वस्तूला दोन तळ असणे मराठीच्या स्वभावात बसत नाही. भांडे पालथे घातले तरी त्याचा तळ तोच राहतो, आणि वर आलेला तळ ‘उपडा’ दिसतो, दुसरा होत नाही. नियम मात्र म्हणतो की चितीला दोन तळ आहेत आणि ते परस्परांना समांतर व एकरूप आहेत. हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो. परंतु त्याच्या भाषेला ते पटलेले नसते.

इंग्रजीतही ‘बेस’ या शब्दाची हीच अडचण आहे, हे येथे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु अनुवाद करताना आपण अडचणीसकट शब्द घेतला. ग्रीक परंपरेत पृष्ठाला ‘हेद्रा’, म्हणजे बैठक, म्हणत. चार पृष्ठांच्या घनाकृतीला ‘चार बैठकांची’ असे नाव पडले ते त्यावरूनच. त्या नावात एक जाण आहे. वस्तू तिच्या कोणत्याही पृष्ठावर बसू शकते, म्हणून प्रत्येक पृष्ठ ही तिची एक बैठक. अमुकच तळ असा पक्षपात त्यात नाही. पृष्ठफळ म्हणजे या सर्व बैठकांच्या क्षेत्रफळांची बेरीज, एवढाच त्याचा अर्थ. मग तळ कोणता हा प्रश्न मुळात गौण ठरतो.

चितीपुरता यावर एक उपाय आपल्याच जुन्या गणितात उपलब्ध आहे. समलंब चौकोनाच्या समांतर बाजूंना संस्कृत गणितकारांनी ‘भूमी’ आणि ‘मुख’ असे शब्द योजले होते. यांतील ‘मुख’ हा शब्द चितीच्या दोन एकरूप टोकांना चांगला शोभेल. मृदंगाला दोन मुखे असतात, बोगद्याला दोन मुखे असतात. ती आडवी असोत की उभी, शब्द बिघडत नाही. नियम मग असा मांडता येईल : चितीचे एकूण पृष्ठफळ म्हणजे दोन्ही मुखांचे क्षेत्रफळ, अधिक मुखाची परिमिती गुणिले मुखांमधील अंतर. अर्थात हा नियम सरळ चितीला, म्हणजे जिच्या कडा मुखाशी काटकोन करतात तिलाच लागू आहे. या वाक्यात तळ नाही आणि उंचीही नाही. छपराचे उदाहरण त्या मुलाला याच शब्दांत पुन्हा सांगितले तेव्हा त्याने लगेच पुढची त्रिकोणी भिंत दाखविली. एका मुलाच्या अनुभवावरून सिद्धान्त बांधू नये, हे खरे. तथापि शब्द बदलताच चित्र बदलले, एवढे तरी त्यावरून दिसते.

(३)

‘उंची’ या शब्दाचा गोंधळ याहून खोल आहे, आणि तो सूचीच्या पृष्ठफळात स्पष्ट होतो. एक सम त्रिकोणी सूची घेऊ. तिचा तळ ६ सेंटीमीटर बाजूचा समभुज त्रिकोण आहे आणि शिरोबिंदू तळाच्या मध्यबिंदूच्या नेमका वर आहे. शिरोबिंदूपासून खाली येणाऱ्या तीन वेगवेगळ्या लांबी येथे संभवतात. शिरोबिंदूपासून तळावर टाकलेला लंब सुमारे ४.६९ सेंटीमीटर, शिरोबिंदूपासून तळाच्या बाजूच्या मध्यापर्यंत पृष्ठावरून मोजलेले अंतर ५ सेंटीमीटर, आणि शिरोबिंदूपासून तळाच्या कोपऱ्यापर्यंतची कड सुमारे ५.८३ सेंटीमीटर. यांतील पहिली लांबी घनफळाला लागते, दुसरी पृष्ठफळाला लागते, तिसरी आकृती घडविताना लागते. त्यांत तळाच्या त्रिकोणाची स्वतःची उंची मिळविली, तर ‘उंची’ या एका शब्दाभोवती चार राशी जमतात.

तीन तिरप्या पृष्ठांचे क्षेत्रफळ म्हणजे तळाच्या परिमितीचा निम्मा गुणिले दुसरी लांबी, म्हणजे ९ गुणिले ५, बरोबर ४५ चौरस सेंटीमीटर. त्यात तळाचे सुमारे १५.५९ मिळविले की एकूण ६०.५९. विद्यार्थ्याने चुकून पहिली लांबी घेतली तर एकूण ५७.८० येते आणि तिसरी घेतली तर ६८.०७. तिन्ही उत्तरे दिसायला सारखीच विश्वसनीय आहेत. चूक उत्तराकडे पाहून कळत नाही. ती शब्दातच दडलेली असते.

पृष्ठफळाला लागणाऱ्या या लांबीला शालेय मराठीत ‘तिरकस उंची’ म्हणतात. या समासाची घडण पाहण्यासारखी आहे. उंची ही स्वभावतःच सरळ वर मोजावयाची असते. झाड कलले तर त्याची लांबी कायम राहते, पण उंची कमी होते, हे मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा नामाला ‘तिरकस’ हे विशेषण लावले की विशेषण नामाचा अर्थ मर्यादित न करता तो खोडून काढते. शिवाय ही लांबी मुळात काय आहे तेही त्या शब्दातून कळत नाही. वस्तुतः ती तिरप्या त्रिकोणी पृष्ठाचीच उंची होय. ते पृष्ठ कापून टेबलावर मांडले, तर तीत तिरकस असे काही उरत नाही. हिंदीने येथे ‘तिर्यक ऊँचाई’ असा शब्द घेतला, तोही याच वाटेने गेला. प्रस्तुत लेखकास ‘उतारलांबी’ हा शब्द अधिक बरा वाटतो. घाटाच्या रस्त्याची लांबी आणि घाटाची उंची यांतला भेद कोणाही मुलाला सांगावा लागत नाही. तोच भेद येथे अभिप्रेत आहे. सूची आणि शंकू या दोहोंनाही हा शब्द चालेल.

येथे एक सूक्ष्म मुद्दा सुटू नये. शिरोबिंदू मध्यावरून सरकला की तीन पृष्ठांच्या तीन निराळ्या उतारलांबी होतात आणि वरील आटोपशीर नियम निरुपयोगी होतो. नियम पाठ करताना ‘सम’ हे विशेषण सर्वांत आधी गळून पडते. ‘प्रत्येक पृष्ठाचे क्षेत्रफळ काढून बेरीज करावी’ हे साधे वाक्य मात्र कधीही निरुपयोगी होत नाही.

(४)

आपल्या परंपरेत या राशींसाठी निराळे शब्द नव्हते काय? होते, आणि ते पाहिले म्हणजे आपण काय गमावले ते कळते. आर्यभटीयात (इ. स. ४९९) त्रिकोणाच्या लंबासाठी एक शब्द आहे आणि त्रिकोणावर उभारलेल्या घनाकृतीच्या उंचीसाठी ‘ऊर्ध्वभुजा’ हा दुसरा. पुढे लीलावतीत (इ. स. ११५०) त्रिकोणाला ‘लंब’ आहे, तर खोदलेल्या खड्ड्याला ‘वेध’ आहे. सपाट आकृतीची आणि घनाकृतीची माप एका शब्दाने सांगण्याची चूक त्या गणितकारांनी केली नाही. आपण दोन्ही ‘उंची’च्या पदरात टाकली.

आर्यभटाच्या त्या घनाकृतीचे नावही विचार करण्यासारखे आहे. तो तिला ‘षडश्रि’, म्हणजे सहा कडांची, म्हणतो. ग्रीकांनी ज्या वस्तूच्या चार बैठका मोजल्या, तिच्याच आर्यभटाने सहा कडा मोजल्या. कडा मोजण्यातही एक शहाणपण आहे. सहा कडांची लांबी कळली की चारही त्रिकोण ठरतात, प्रत्येकाच्या तिन्ही बाजू हाती येतात, आणि तीन बाजूंवरून त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत ब्रह्मगुप्तापासून (इ. स. ६२८) आपल्याकडे ज्ञात आहे. म्हणजे ‘षडश्रि’ या नावातच पृष्ठफळाची रीत गर्भित आहे. तळ नको, उंची नको, शिरोबिंदू कोठे आहे हेही नको. परंतु आर्यभटाने विचारले ते घनफळ. त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया व लंब यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. त्या साम्यावरून त्याने या घनाकृतीचे घनफळही तळ व ऊर्ध्वभुजा यांच्या गुणाकाराच्या निम्मे सांगितले. वास्तविक ते एक तृतीयांश असते. इ. स. ६२९ मधील पहिल्या भास्कराच्या भाष्यातही तोच नियम घनफळाचा म्हणून स्वीकारलेला आहे. ब्रह्मगुप्ताने मात्र सूचीचे घनफळ बरोबर एक तृतीयांश दिले.

भाषाविज्ञानात ज्याला आपण सादृश्य म्हणतो त्याचेच हे गणितातील रूप होय. एका जोडीत बसलेला आकृतिबंध दुसऱ्या जोडीवर लादला जातो, आणि भाषेत तो पुष्कळदा रूढही होतो; गणितात होत नाही. विशेष म्हणजे त्याच गणितपादात ‘चितिघन’ नावाचा नियम आहे. त्रिकोणी थर एकावर एक रचत, प्रत्येक थर लहान करीत नेलेली रास किती घटकांची होते, ते तो सांगतो. चार थरांच्या राशीत १, ३, ६ आणि १० मिळून २० घटक असतात, आणि नियमाने ४ गुणिले ५ गुणिले ६ भागिले ६, म्हणजे २० च येतात. थर वाढत गेले की हाच नियम एक तृतीयांशाकडे झुकतो. म्हणजे खरे उत्तर त्याच गणितपादात, दुसऱ्या नावाखाली, बसलेले होते. दोन नावांमुळे एकाच वस्तूची दोन ज्ञाने परस्परांना भेटली नाहीत, असे निदान वाचणाऱ्याला तरी वाटते.

हा प्रसंग केवळ पुरातन नाही. आर्यभटाची ‘चिती’ वर निमुळती होत जाते. आजच्या शालेय परिभाषेत त्या आकाराला ‘सूची’ म्हणतात, आणि ‘चिती’ हा शब्द अखेरपर्यंत एकसारख्या राहणाऱ्या आकाराला दिला गेला आहे. एवढ्याने बिघडले नसते. परंतु हीच त्रिकोणी चिती काचेची करून विज्ञानाच्या तासाला प्रकाशकिरणात धरली की तिचे नाव ‘लोलक’ होते. झुंबराला लोंबणाऱ्या काचांना मराठीत लोलक म्हणतात, आणि त्यांतून रंग फाकतात. तेव्हा शब्द रसिकतेने निवडलेला आहे यात शंका नाही. तथापि गणिताच्या तासाची चिती आणि विज्ञानाच्या तासाचा लोलक ही एकच वस्तू आहे, हे कोणत्याही तासाला सांगितले जात नसेल, तर विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन वस्तू राहतात. लोलकाची दोन त्रिकोणी मुखे आणि तीन आयताकार पृष्ठे त्याने हातात घेऊन पाहिलेली असतात. चितीच्या नियमाशी त्यांची गाठ पडत नाही. ग्रीक मूळ शब्दाचा अर्थ ‘करवतीने कापलेला तुकडा’ असा आहे. तो दोन्ही तासांना सारखाच लागू पडला असता.

(५)

शब्दांची ही तपासणी करताना एक मूलभूत गोष्ट ध्यानात येते. पाठ्यपुस्तकांत ‘पृष्ठफळ व घनफळ’ अशी जोडी एकाच शीर्षकाखाली येते, आणि दोन्ही शब्दांतील ‘फळ’ त्यांना भावंडे ठरवितो. वस्तुतः त्रिकोणी पृष्ठांच्या आकृतीपुरते पाहिले, तर ती एका जातीची नाहीत. अशा आकृतीचे पृष्ठफळ म्हणजे सपाट त्रिकोणांची बेरीज. आकृती उलगडून कागदावर पसरली की काम संपते. घनफळ तसे मिळत नाही. समान तळाच्या व समान उंचीच्या दोन सूची कापून, तुकडे जुळवून, एकीची दुसरी करता येईल का, हा डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०० साली मांडलेल्या प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न होता. आणि तसे नेहमी करता येत नाही, हे माक्स डेन यांनी सिद्ध केले. आर्यभटासारखा गणितज्ञ जेथे घसरला ते स्थळ खरोखरच निसरडे होते. पृष्ठफळाचे स्थळ तसे नाही. तेथे विद्यार्थी घसरतो तो केवळ शब्दांवरून.

याची साक्ष एका कागदाने देता येते. १०, १२ आणि १४ सेंटीमीटर बाजूंचा कागदी त्रिकोण कापावा. तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत; त्रिकोणाचे चार एकरूप त्रिकोण होतील, प्रत्येकाच्या बाजू ५, ६ आणि ७ सेंटीमीटर. आता रेषांवर घडी घालून तिन्ही टोके वर एकत्र आणावीत. एक त्रिकोणी सूची तयार होते. हिचा शिरोबिंदू तळाच्या मध्यावर नाही, तिच्या तीन उतारलांबी निराळ्या आहेत, आणि चारांपैकी कोणतेही पृष्ठ तळ मानले तरी चालते. तिचे पृष्ठफळ किती? मूळ कागदाचे जितके क्षेत्रफळ तितकेच, सुमारे ५८.७९ चौरस सेंटीमीटर. कोठेही काही वाढले नाही, घटले नाही. (मूळ त्रिकोण लघुकोन असावा, एवढीच अट आहे, नाही तर टोके जुळत नाहीत.) ज्याने ही घडी एकदा स्वतः घातली त्याला पृष्ठफळ हे क्षेत्रफळाहून निराळे काही आहे, असा भ्रम राहणार नाही. अशा उलगडलेल्या आकृतीला शालेय मराठीत ‘घडण’ म्हणतात. हा शब्द उत्तम आहे. लीलावतीत गोलाचे पृष्ठफळ सांगताना भास्कराचार्यांना चेंडूवर बसविलेल्या जाळीची उपमा सुचली होती. पृष्ठफळ म्हणजे वस्तूवरचे आवरण, ही कल्पना त्या उपमेत आहे आणि घडणीतही आहे. ‘तळाची परिमिती गुणिले उंची’ या वाक्यात ती हरवते.

(६)

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की रूढ झालेले शब्द आता बदलल्यास गोंधळ वाढेल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून ‘चिती’, ‘सूची’, ‘पृष्ठफळ’ हे शब्द बदलावेत, असे येथे सुचविलेले नाही. ते घडणीने चांगले आहेत आणि रुळलेलेही आहेत. सूचना आहे ती नियमांच्या वाक्यांविषयी. चितीच्या नियमात तळाऐवजी मुख, उंचीऐवजी मुखांमधील अंतर, सूचीच्या नियमात उतारलांबी, आणि चितीच्या पहिल्या उल्लेखाबरोबर ‘विज्ञानातील लोलक तो हाच’ असे एक वाक्य, एवढ्याने भागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हिंदीने ‘प्रिज्म’ आणि ‘पिरामिड’ हे शब्द जसेच्या तसे घेतले. मराठीनेही ते घेऊन हा खटाटोप टाळावा, असे कोणी म्हणेल. परकीय शब्दांचे प्रस्तुत लेखकास वावडे नाही. परंतु वरील मुलाची चूक ‘चिती’ या शब्दामुळे झाली नव्हती. ती ‘तळ’ आणि ‘उंची’ या अस्सल मराठी शब्दांमुळे झाली होती. वस्तूचे नाव परके घेतले तरी नियमाचे वाक्य मराठीतच राहणार, आणि वाक्य शिथिल असेल तर परके नाव त्याला सावरणार नाही.

मातृभाषेतून शिकणाऱ्या मुलाचे उत्तर चुकले की आपण दोन निष्कर्ष पटकन काढतो : मुलाला गणित येत नाही, किंवा मराठीत गणित शिकविता येत नाही. त्या मुलाच्या वहीत २६८ हा आकडा पाहिल्यावर दोन्ही निष्कर्ष खोटे ठरतात. त्याचे गणित बरोबर होते आणि त्याची मराठीही बरोबर होती. चुकले होते ते आपले वाक्य. ते वाक्य घडविणारे आणि तपासणारे यांच्यांत गणिताच्या शिक्षकाइतकाच भाषेचा अभ्यासकही असावा, आणि नियम छापण्यापूर्वी तो एकदा दुपाखी घरावर लावून पाहावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवून हे टिपण पुरे करतो.